लाल चौकटीत लपलेलं उत्तर: रेकॉर्ड सेव्ह झालं की नाही, हे ओळखायचं कसं?

शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला फोन वाजला. शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात अकाउंट्स बघणाऱ्या ताई होत्या.

"सर, गाडी भरून तासभर गेटवर उभी आहे. बेळगावला जायचंय आणि ई-इन्व्हॉइस होईना. पहिल्यांदा बटण दाबलं तर नुसतं गोल फिरत बसलं. पुन्हा दाबलं तर लाल चौकटीत 'डुप्लिकेट आयआरएन' येतंय. आता बिल नंबर ४१७च्या जागी ४१७-ए करून पाठवते. जाईल ना मग?"

"ताई, थांबा. नंबर बदलू नका. बिल बहुतेक आधीच गेलंय."

"गेलंय? मग एरर कशाला दाखवतंय?"

प्रश्न अगदी बिनतोड होता. उत्तर द्यायची जबाबदारीही माझीच होती, कारण ते बिलिंग सॉफ्टवेअर बनवणाऱ्या टीममध्ये मी काम करतो. ड्रायव्हर गेटवर हॉर्न वाजवतोय, मालक केबिनमधून दोनदा डोकावून गेलाय, आणि समोर एक असा मेसेज आहे जो खरा आहे, पण ज्याचा अर्थ वाचणाऱ्याला उलटाच लागतोय.

आज हाच विषय घेऊया. डेटाबेसमध्ये नोंद घालताना येणारे मेसेज वाचायचे कसे? ई-इन्व्हॉइस आणि यूपीआयचे २०२५मध्ये बदललेले नियम याच प्रश्नाशी जोडलेले आहेत. आणि असा मेसेज चुकीचा वाचला, किंवा आलाच नाही, तर माणसाचं काय होऊ शकतं हे ब्रिटनमधल्या एका प्रकरणाने जगाला दाखवलं आहे. तुम्ही अकाउंट्समध्ये काम करत नसाल तरी वाचा. तुमच्या फोनवर रोज हेच घडतं.

'सेव्ह' दाबल्यावर आत काय होतं?

डेटाबेस म्हणजे शिस्तीत ठेवलेल्या वह्या. एका वहीत ग्राहक, दुसरीत बिलं, तिसरीत पैसे आले-गेले. प्रत्येक वहीत रकाने आखलेले असतात. तुम्ही फॉर्म भरून 'सेव्ह' किंवा 'सबमिट' दाबलं की त्या वहीत एक नवी ओळ लिहिण्याचा प्रयत्न होतो. यालाच इन्सर्ट म्हणतात. कॉलेजचा अॅडमिशन फॉर्म, रेल्वेचं तिकीट, चहाचे दहा रुपये स्कॅन करून देणं, सगळ्यांच्या मुळाशी कुठेतरी एक नवी ओळ लिहिली जाते.

वही मुकाट्याने काहीही लिहून घेत नाही. बनवणाऱ्याने तिला नियम घालून दिलेले असतात. नियम मोडला की ती नकार देते आणि नकाराचं कारण एका कोडसह सांगते. मायएसक्यूएल हा डेटाबेस भरपूर वापरला जातो, म्हणून त्याचेच कोड घेतो. रोजच्या कामात हे पाच वारंवार भेटतात.

* १०४८, रकाना रिकामा आहे. जिथे काहीतरी लिहायलाच हवं तिथे काहीच आलेलं नाही. बऱ्याचदा माणसाने माहिती भरलेली असते, पण मधल्या प्रोग्रॅमने ती पुढे पाठवलेलीच नसते.
* १४०६, मजकूर रकान्यात मावत नाही. जीएसटीच्या नियमानुसार बिल नंबर जास्तीत जास्त १६ अक्षरांचा असतो. शाखा, वर्ष, महिना, विभाग असं सगळं त्यात कोंबलं की नंबर लांबतो आणि इथे अडतो.
* १४५२, ज्याचा संदर्भ दिलाय ते मुळात नाहीच. बिल एका ग्राहकाच्या नावे केलंय, पण ग्राहकांच्या वहीत तो ग्राहकच नाही. आधी तो घाला, मग बिल.
* १३६६, हे अक्षर मला लिहिता येत नाही. याची गंमत पुढे सांगतो.
* १०६२, ही नोंद आधीच आहे. ताईंचा प्रश्न याच जातीचा.

आता १३६६ची गंमत. युटीएफ-८ पद्धतीत आपलं देवनागरी अक्षर साठवायला तीन बाइट लागतात आणि बहुतेक इमोजींना प्रत्येकी चार. मायएसक्यूएलमध्ये 'युटीएफ-८' या नावाने जी जुनी सोय होती ती एका अक्षराला तीनच बाइट द्यायची. म्हणून दुकानाचं नाव मराठीत लिहिलं की व्यवस्थित सेव्ह व्हायचं, आणि त्याच नावापुढे कुणी हौसेने एक फूल चिकटवलं की सगळा फॉर्म परत यायचा. दुकानदाराला वाटायचं मराठीमुळे अडलं. अडायचं ते फुलामुळे.

असे नकार बघून चिडचिड होते हे मान्य. पण न सांगता केलेला स्वीकार त्याहून वाईट. मायएसक्यूएलच्या ५.७ या आवृत्तीत, म्हणजे २०१५ पासून, कडक तपासणी आपोआप चालू राहू लागली. त्याआधी कुणी ती मुद्दाम चालू केली नसेल तर न मावणारा मजकूर डेटाबेस कापून टाकायचा आणि उरलेला लिहून घ्यायचा. बारीकशी सूचना मागे ठेवायचा, पण ती वाचणार कोण? स्क्रीनवर 'सेव्ह झालं' आणि वहीत अर्धवट पत्ता. तेव्हा लाल चौकट दिसली की पहिल्यांदा हे लक्षात घ्या, की निदान कुणीतरी तपासतंय.

होय, नाही आणि 'माहीत नाही'

वरचे पाचही नकार स्पष्ट आहेत. खरा घोळ होतो तो उत्तरच न आल्यावर.

रजिस्टर पत्र आठवा. तुम्ही पत्र टाकलं आणि पोचपावती आलीच नाही. आता दोन शक्यता आहेत. पत्र वाटेत हरवलं, किंवा पत्र नीट पोचलं आणि पोचपावती हरवली. तुमच्या घरी बसून या दोन्हींत काहीच फरक दिसत नाही. दोन्ही वेळा हात रिकामाच.

इंटरनेटवरून पाठवलेल्या प्रत्येक नोंदीचं असंच आहे. तुमचा कॉम्प्युटर सर्व्हरला नोंद पाठवतो आणि उत्तराची वाट बघतो. ठरलेल्या वेळात उत्तर आलं नाही की कंटाळून सोडून देतो. याला टाइमआउट म्हणतात. नोंद झाली नाही असा त्याचा अर्थ होत नाही. मला कळलं नाही, एवढाच होतो. पण कित्येक सॉफ्टवेअर टाइमआउटला सरळ 'फेल' म्हणून दाखवतात. आणि 'फेल' वाचल्यावर तुम्ही-आम्ही काय करतो? पुन्हा बटण दाबतो.

पुन्हा दाबल्यावर काय होईल, ते समोरच्या वहीचे नियम ठरवतात. लिफ्टचं बटण पाच वेळा दाबलं तरी लिफ्ट एकदाच येते. वजनकाट्याच्या मशीनमध्ये पाच वेळा नाणं टाकलं तर पाच नाणी जातात. चांगली बिझनेस सॉफ्टवेअर लिफ्टच्या बटणासारखी असावी लागतात. त्यासाठी प्रत्येक नोंदीला स्वतःची अशी ओळख द्यायची, आणि त्याच ओळखीची दुसरी नोंद आली की वहीने म्हणायचं, "ही माझ्याकडे आहे." हे म्हणण्याची तांत्रिक भाषा म्हणजे डुप्लिकेटचा एरर. थोडक्यात, ताईंच्या स्क्रीनवर लाल अक्षरांत आलेला मेसेज ही खरं तर त्यांची राखण होती.

२१५० म्हणजे नेमकं काय?

ई-इन्व्हॉइसची सुरुवात १ ऑक्टोबर २०२० रोजी ५०० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या मोठ्या कंपन्यांपासून झाली. मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आली आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्या व्यवसायांना हा नियम लागू आहे. म्हणजे एमआयडीसीतले मध्यम कारखानेसुद्धा त्यात आले. इतर व्यावसायिकांना विकलेल्या मालाचं बिल सरकारमान्य पोर्टलवर पाठवायचं, तिथून आयआरएन आणि सही केलेला क्यूआर कोड घ्यायचा, मगच ते बिल कायदेशीर.

हा आयआरएन कुणी मनाने देत नाही. तो हिशोबाने निघतो. विक्रेत्याचा जीएसटी नंबर, आर्थिक वर्ष, कागदाचा प्रकार आणि बिल नंबर, या चार गोष्टी एकत्र करून त्यावर एसएचए-२५६ नावाचं गणित चालवलं की ६४ अक्षरांचा आयआरएन तयार होतो. चारही गोष्टी त्याच असतील तर आयआरएन कितीही वेळा काढला तरी तोच निघणार. म्हणून तेच बिल पुन्हा गेलं की पोर्टल ओळखतं आणि २१५० या कोडसह 'डुप्लिकेट आयआरएन' म्हणून परत पाठवतं.

या चार गोष्टींत बिलाची रक्कम नाही, खरेदीदाराचं नाव नाही, मालाचा तपशीलही नाही. त्यामुळे २१५० दोन अगदी वेगळ्या कारणांनी येऊ शकतो. पहिलं, तेच बिल दुसऱ्यांदा गेलं. दुसरं, दोन कॉम्प्युटरवर बसलेल्या दोघांनी चुकून एकच नंबर दोन वेगळ्या बिलांना दिला. पहिल्या वेळी काळजीचं कारण नाही. दुसऱ्या वेळी चूक खरी आहे आणि तिथे नंबर बदलायलाच हवा. मेसेज मात्र दोन्हीकडे एकच.

यात १ जून २०२५ पासून एक भर पडली. त्याआधी इंग्रजी लहान अक्षरांत लिहिलेला बिल नंबर आणि तोच नंबर कॅपिटल अक्षरांत, हे पोर्टलच्या दृष्टीने दोन वेगळे नंबर होते. माणसाला दोन्ही सारखेच दिसतात, पण त्या गणितात एक अक्षर जरी लहानाचं मोठं झालं तरी सगळा आयआरएन बदलतो. म्हणजे एकाच विक्रीचे दोन आयआरएन निघायला एवढी फट पुरेशी होती. आता आयआरएन काढण्याआधी पोर्टल सगळी अक्षरं कॅपिटल करून घेतं. फट बुजली. मात्र ज्यांनी नकळत लहान आणि मोठ्या अक्षरांच्या दोन वेगळ्या मालिका चालवल्या होत्या, त्यांचे नंबर आता एकमेकांवर आदळतात आणि त्यांनाही २१५०च दिसतो. 'कालपर्यंत चालत होतं की' असं कुणी म्हणालं तर मालिका आधी बघा.

नंबर बदलला असता तर?

ताईंचं बिल ३,२०,००० रुपयांचं होतं. माल कर्नाटकात चाललेला, त्यामुळे १८ टक्क्यांनी आयजीएसटी, म्हणजे ५७,६०० रुपये. बिल नंबर ४१७ पोर्टलवर आधीच नोंदला गेला होता. ४१७-ए करून पाठवलं असतं तर पोर्टलने आनंदाने घेतलं असतं. नवा नंबर, नवा आयआरएन, हिरवी टिक. गाडी सुटली असती आणि सगळे खूश झाले असते.

मग महिनाअखेर उजाडला असता. ई-इन्व्हॉइसची माहिती जीएसटीआर-१ मध्ये आपोआप भरली जाते. तिथे दोन बिलं, दोन्ही ३,२०,००० ची, आणि कर ५७,६०० च्या जागी १,१५,२००. बेळगावच्या खरेदीदाराकडेही दोन बिलं दिसली असती. माल आला एकदाच, मग हे दुसरं कसलं, म्हणून त्यांचा फोन आला असता.

चुकीचा आयआरएन रद्द करता येतो, पण पोर्टलवर तो फक्त २४ तासांच्या आत. त्यावर चालू ई-वे बिल असेल तर तेव्हाही नाही. शुक्रवारी संध्याकाळची चूक सोमवारी सकाळी लक्षात आली तर ती वेळ निघून गेलेली असते. मग रिटर्नमध्ये दुरुस्ती, क्रेडिट नोट, पत्रव्यवहार. रद्द केलेला नंबर पुन्हा वापरताही येत नाही.

बरं, 'राहू दे, नंतर बघू' म्हणायचीही सोय कमी झाली आहे. १० कोटी किंवा त्याहून जास्त उलाढाल असलेल्यांना १ एप्रिल २०२५ पासून बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांच्या आत ते पोर्टलवर पाठवावं लागतं. त्यानंतर पोर्टल घेतच नाही. म्हणजे एकीकडे घाई केली तर दोनदा जाण्याची भीती, दुसरीकडे रेंगाळलं तर अजिबात न जाण्याची. अशा वेळी समोरचा मेसेज नीट वाचता येणं ही पैशाची गोष्ट होऊन बसते.

स्कॉटलंडच्या एका गावातलं पोस्ट

वहीला राखणच नसेल तर काय होतं, याचं उदाहरण स्कॉटलंडमधलं आहे. ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसने १९९९ पासून 'होरायझन' नावाची हिशोबाची प्रणाली आणली. ती फुजित्सू कंपनीने पुरवलेली होती. ऑक्टोबर २०१५ मध्ये डॅलमेलिंग्टन या गावाशी संबंधित शाखेत ८,००० पौंडांची रोकड आत घेतल्याची नोंद करायची होती. बारकोड स्कॅन केला, एंटर दाबलं, पण स्क्रीन पुढे सरकेना. म्हणून पुन्हा एंटर. स्क्रीन अडलेली दिसत असली तरी आत दर वेळी नवी नोंद पडत होती. एकूण चार नोंदी झाल्या. हिशोबात ३२,००० पौंड आलेले, हातात ८,०००. म्हणजे २४,००० पौंडांची तूट, जी प्रत्यक्षात कधी नव्हतीच.

एकाच रोकड पिशवीचा एकच बारकोड चार वेळा आला, तर दुसऱ्या वेळीच 'ही नोंद आधीच आहे' म्हणायला हवं होतं. आपल्याला ज्या लाल चौकटीचा राग येतो, ती तिथे आलीच नाही. पुढे फुजित्सूने शोध घेतला तेव्हा आधीच्या पाच वर्षांत असाच प्रकार ११२ वेळा घडल्याचं दिसलं. त्यातल्या बहुतेकांची दुरुस्ती त्या त्या वेळी झाली होती.

होरायझनमध्ये हा एकच दोष नव्हता. वेगवेगळ्या दोषांमुळे दिसणारी तूट वर्षानुवर्षं शाखा चालवणाऱ्यांच्या माथी मारली गेली. १९९९ ते २०१५ या काळात ९००हून जास्त लोकांना चोरी, खोटे हिशोब अशा गुन्ह्यांत दोषी ठरवलं गेलं. काही तुरुंगात गेले, काहींनी घर विकून न केलेली तूट भरली. इंग्लंडच्या कायद्यात कॉम्प्युटर नीट चालत होता हे सिद्ध करण्याची पूर्वीची अट १९९९च्या कायद्याने काढून टाकली होती. त्यामुळे कॉम्प्युटर बरोबर असंच धरून चालायचं आणि तो चुकतो हे आरोपीने दाखवायचं, अशी स्थिती आली. गावातल्या पोस्टात बसणारी व्यक्ती सर्व्हरच्या पोटात काय चाललंय हे कुठून दाखवणार?

अॅलन बेट्स यांच्या पुढाकाराने ५५५ जणांनी खटला लढवला आणि डिसेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने होरायझनमध्ये दोष असल्याचं मान्य केलं. २०२४ मध्ये ब्रिटिश संसदेने खास कायदा करून शेकडो शिक्षा एकत्रच रद्द केल्या. सर विन विल्यम्स यांच्या चौकशीचा पहिला खंड जुलै २०२५ मध्ये आला. या प्रकरणाच्या ताणामुळे १३ जणांनी जीव दिला असावा, असं त्यात नोंदवलं आहे.

मी कोड लिहिणारा माणूस आहे. बग सगळ्यांच्याच कोडमध्ये असतात, माझ्याही असतात. पण तिकडे बगपेक्षा जास्त नुकसान केलं ते 'सिस्टीम सांगते तेच खरं' या हट्टाने. स्क्रीनसमोरचा माणूस 'मी एकदाच केलं होतं' म्हणत होता, आणि आतल्या नोंदी उघडून बघायला बराच काळ कुणी तयार नव्हतं.

तुमच्या खिशातलं 'पेंडिंग'

आता आपल्या फोनकडे येऊ. यूपीआयने पैसे पाठवले, तुमच्या खात्यातून वजा झाले, आणि स्क्रीनवर 'पेंडिंग'. दुकानदार म्हणतो, "माझ्याकडे नाय आले." मागे रांग. बहुतेक जण इथे पुन्हा स्कॅन करतात.

'पेंडिंग' हा माझ्या मते एक प्रामाणिक मेसेज आहे. 'होय' नाही, 'नाही' नाही, 'अजून माहीत नाही' असं तो सरळ सांगतो. पुन्हा स्कॅन केलं की तो मात्र नवा व्यवहार असतो, नव्या ओळखीचा. पहिला व्यवहार आणि दुसरा एकच आहेत हे बँकेला कळायला मार्ग नाही. ४१७ आणि ४१७-ए सारखंच हे. त्यामुळे दोन्ही गेले तर यंत्रणेच्या दृष्टीने काहीच चुकलेलं नसतं.

अशा अधांतरी व्यवहारांसाठी रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ रोजी नियम घालून दिले. व्यक्तीला पाठवलेले पैसे तुमच्या खात्यातून गेले पण समोर जमा झाले नाहीत, तर व्यवहारानंतर एका दिवसाच्या आत ते परत यायला हवेत. दुकानदाराच्या बाबतीत ही मुदत पाच दिवसांची. त्यापेक्षा उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि ती तुम्ही तक्रार न करताही बँकेने द्यायची आहे. 'माहीत नाही' या अवस्थेची किंमत ग्राहकाने भरू नये, हा यातला विचार मला फार मोलाचा वाटतो. होरायझनमध्ये नेमकं याच्या उलट झालं होतं.

चौकशी करण्यालाही मर्यादा असते, हे २०२५ मध्ये दिसलं. १२ एप्रिलला यूपीआय बराच वेळ अडखळलं, तेव्हा बँकांकडून जुन्या व्यवहारांच्या स्टेटसची चौकशी वारंवार होत राहिल्याने यंत्रणेवर ताण आल्याचं कारण पुढे आलं. त्यानंतर एनपीसीआयने १ ऑगस्टपासून बंधनं घातली. पेंडिंग व्यवहाराचं स्टेटस तीनच वेळा विचारता येतं आणि दोन चौकशांमध्ये किमान ९० सेकंद जावे लागतात. चौकशी जरूर करा, पण दम धरून, असा याचा अर्थ.

मग करायचं काय?

तुम्ही सॉफ्टवेअर वापरणारे असाल तर:

1. मेसेज दिसला की आधी त्याचा स्क्रीनशॉट घ्या, कोड आणि वेळ दिसेल असा. चौकट बंद केल्यावर तो बऱ्याचदा परत मिळत नाही.
2. उत्तर 'नाही' आहे की 'माहीत नाही', ते ठरवा. रकाना रिकामा, मजकूर लांब, ग्राहक सापडला नाही, हे स्पष्ट नकार आहेत. दुरुस्त करून पुन्हा पाठवायला हरकत नाही. टाइमआउट, गोल फिरणं, नेट जाणं, पेंडिंग म्हणजे 'माहीत नाही'. इथे पुन्हा पाठवू नका, आधी यादीत शोधा.
3. 'डुप्लिकेट' आलं तर आधीची नोंद उघडून रक्कम, तारीख आणि पार्टीचं नाव ताडून बघा. जुळलं तर काम झालेलं आहे. जुळलं नाही तर नंबरांचा खरा गोंधळ आहे.
4. एरर घालवायचा म्हणून नंबर बदलू नका. नुसता मेसेज जातो, चूक तशीच पुढे सरकते.

आणि तुम्ही उद्या कोड लिहिणार असाल, किंवा आजच लिहीत असाल, तर:

1. टाइमआउटला 'फेल' म्हणू नका. 'उत्तर आलेलं नाही, तपासतो आहोत' म्हणा आणि खरंच तपासा.
2. प्रत्येक विनंतीला एक ओळख द्या, आणि पुन्हा पाठवताना तीच ओळख वापरा.
3. डेटाबेसने आपोआप दिलेला पुढचा आकडा बिल नंबर म्हणून छापू नका. मायएसक्यूएलमध्ये इन्सर्ट फसलं तरी तो आकडा खर्च होऊ शकतो आणि मालिकेत भोक पडतं. जीएसटीला मालिका सलग लागते.
4. डेटाबेसचा मेसेज जसाच्या तसा माणसाच्या तोंडावर फेकू नका. आता त्याने काय करायचं, ते सांगा.

हा शेवटचा मुद्दा मी स्वतः ठेच खाऊन शिकलो. त्या शुक्रवारी मी आमच्या सर्व्हरचा लॉग उघडला. पोर्टल २१५० पाठवतं तेव्हा सोबत आणखी थोडी माहिती देतं. आधी दिलेला आयआरएन, पोच नंबर आणि त्याची तारीख-वेळ. म्हणजे ताईंना हवं होतं ते सगळं त्याच उत्तरात आलेलं होतं. आमच्या सॉफ्टवेअरने त्यातला कोड आणि 'डुप्लिकेट आयआरएन' एवढे दोन शब्द उचलले, लाल रंग दिला, आणि बाकीचं टाकून दिलं. तो भाग लिहिणाऱ्यांत मीही होतो. त्या वेळी मला वाटलं होतं की एरर दाखवला म्हणजे आपलं काम संपलं.

लॉगमधली वेळ होती ५ वाजून ४१ मिनिटं. बिल तेव्हाच स्वीकारलं गेलं होतं, फक्त पोचपावती वाटेत हरवली होती. मी फोनवर रक्कम आणि पार्टी ताडून घेतली, तोच आयआरएन बिलाला जोडला, क्यूआर आला, ई-वे बिल निघालं. सातच्या सुमारास गाडी हलली.

पुढच्या आठवड्यात आम्ही तो मेसेज बदलला. आता तिथे येतं, "या नंबरचं बिल पोर्टलने आधीच स्वीकारलं आहे. वेळ आणि आयआरएन खाली आहेत. रक्कम जुळत असेल तर हाच आयआरएन वापरा, पुन्हा पाठवू नका." खाली एकच बटण, 'हा आयआरएन बिलाला जोडा'. चौकटीचा रंगही लाल ठेवला नाही.

नव्या मेसेजबद्दल सांगायला ताईंना फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हे आधीच लिहिलं असतं तर मी तुम्हाला फोन कशाला केला असता?"